मोकळं अंग आणि टॉवेल-टोपी

आमच्या स्टुडिओच्या उद्घाटनाच्या दिवशी मी हाफपँटवर सासऱ्यांच्या पायाशी पालथा पडलो होतो, आणि तो नमस्कार नव्हता.

हाफपँट का, हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर सासुरवाडीत जे गैरसमज पसरलेत, तेच तुमचेही व्हायचे. माझी बायको सुरेखा मुलींच्या शाळेत बरीच वर्षं पीटी शिकवत होती. मग ती पुण्याला जाऊन एक कोर्स करून आली. आखडलेल्या माणसाला हालचालीतून आणि हाताच्या दाबातून मोकळं कसं करायचं, याचा. आली ती म्हणाली, "आपण दोघं मिळून सोलापुरात स्टुडिओ काढू. सगळ्यांसाठी. कापडाच्या मागावर उभं राहणाऱ्यांसाठी, शिलाई करणाऱ्या बायकांसाठी." यातला 'आपण दोघं' हा भाग मला धोक्याचा वाटला. मी एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. शिपायाकडे मान वळवणं हा माझा दिवसभरातला मुख्य व्यायाम. पण बायकोचा भागीदार म्हणून बोर्डावर नाव येणार म्हटल्यावर मी नाही म्हणू शकलो नाही. (बोर्डावर ते शेवटी आलंच नाही. जागा पुरली नाही म्हणे.)

स्टुडिओचं नाव ठरलं 'मोकळं अंग'. नाव सोपं, पण आत काय चालणार हे जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच समजावता येईना.

"योगा आहे का?"

"नाही."

"जिम?"

"नाही हो."

"मग मालिश?" असं विचारताना शेजारी आवाज बारीक करायचे आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, की माझे पाय आपोआप जिन्याकडे वळायचे.

जागेचा प्रश्न सासऱ्यांकडे, म्हणजे अण्णांकडे जाऊन थांबला. अण्णा दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आले, दुसऱ्याच्या मागावर राबले आणि पुढे अक्कलकोट रोड एमआयडीसीत स्वतःचे माग टाकून टॉवेल काढायला लागले. जन्मभर मागांच्या खटखटीत बोलल्यामुळे अण्णा कानात काही सांगायला लागले, तरी पलीकडच्या शेडमधला माणूस मान डोलावतो. त्यांच्या कारखान्याच्या पुढची एक शेड रिकामी होती. ती त्यांना टॉवेलचं गोडाऊन म्हणून हवी होती. सुरेखाला स्टुडिओ म्हणून हवी होती.

"पोरगी माजी, म्हणून देतोय," अण्णा म्हणाले. (पलीकडच्या शेडमध्ये दोघंजण थांबून ऐकायला लागले.) "पन उद्घाटनाला लोकं यायला पायजेत. आन् येऊन हसली, तर दुसऱ्या दिवशी टॉवेलच्या गठड्या येऊन पडतील हितं. काय जावईबापू?"

"हो अण्णा."

"लोकं हसता कामा न्हाईत!"

"नाही हसणार अण्णा."

सुरेखानं पदर खोचून त्या शेडमधला सगळा कापसाचा फुफाटा काढला, फरशी घासली, भिंतींना स्वतः रंग दिला. रंग देताना ती गुणगुणत होती. लग्नानंतर मी तिला गुणगुणताना फारसं ऐकलेलं नाही. (त्याची कारणं मला माहीत आहेत, तुम्ही विचारू नका.) तिला ही जागा किती हवी होती, हे मला त्या गुणगुणण्यावरून कळलं. म्हणून मी ठरवलं, की यात आपण जीव ओतायचा. पुढचं सगळं त्या ठरवण्यामुळे झालं.

आमच्यात कामांची वाटणी झाली होती. शरीर सुरेखाकडे, सजावट माझ्याकडे. मी मोबाईलवर परदेशातल्या अशा ठिकाणांचे व्हिडिओ पाहिले. तिथे एका तबकात टॉवेल गुंडाळून ठेवलेले असतात, प्रत्येकावर एक फूल, शेजारी काळे गुळगुळीत दगड. बघूनच माणूस निम्मा बरा होतो! अण्णांच्याच कारखान्यातून आम्ही टॉवेल आणले होते. कुणाच्या मानेखाली, कुणाच्या गुडघ्याखाली घालायला. प्रत्येक चटईवर अंथरायला-पांघरायला एकेक सोलापुरी चादर होती.

"टॉवेल कपाटात ठेवा," सुरेखा म्हणाली.

"कपाटात ठेवायला आणलेत का? लोकांना आत शिरल्या शिरल्या शांत वाटायला पाहिजे."

"अहो, कपाटात ठेवा."

मी ठेवले नाहीत. आपला टॉवेल चांगला जाड, गुंडाळला की लगेच उलगडतो. म्हणून मी चौकोनी घड्या घातल्या. दाराशेजारच्या टेबलावर लग्नात आलेलं मोठं पितळी ताट ठेवलं. त्यात घड्या रचल्या, प्रत्येक घडीवर एक गुलाब ठेवला. काळे गुळगुळीत दगड मिळाले नाहीत, म्हणून मध्ये नारळ ठेवला. मागं सरकून पाहिलं आणि माझं मलाच शांत वाटलं.

आता विचार करा. ताट, ताटात टॉवेलच्या घड्या, वर गुलाब आणि मध्ये नारळ. कुठल्या सोलापूरकराला हे बघून मानेचं दुखणं आठवेल? पण मला ते दिसलं नाही. मी सोलापुरात जन्मलो, वाढलो, प्रत्येक लग्नात आहेराची टॉवेल-टोपी घेऊन घरी आलो, तरी मला ते दिसलं नाही!

ते दिसलं दत्तूमामांना. मामा म्हणजे सुरेखाच्या आईचे भाऊ, सांगोल्याकडचे. मेंढरं राखून, शेती करून उभा राहिलेला ताठ माणूस. कुठल्याही कार्यात आहेर वाटायचं काम त्यांना कुणी सांगत नाही, आणि त्यांच्या हातून ते काढून घ्यायची कुणाची छाती नाही. पूजा झाली, पूजेतला नारळ फुटला, सुरेखा साडी बदलून पंजाबी ड्रेस घालायला आतल्या खोलीत गेली. तिथे तिच्या मावशीनं तिला "आदी दोन घास खा गं" म्हणून अडकवून ठेवलं. आणि इकडे मी ठरल्याप्रमाणे मधल्या चटईवर जाऊन पालथा पडलो.

कारण प्रात्यक्षिक माझ्यावर होणार होतं! पाठ आणि मांड्या कशा सैल करतात हे दाखवायचं, म्हणून हाफपँट. वरून गळ्यापासून टाचांपर्यंत चादर. सुरेखानं बजावलं होतं, "तुम्ही फक्त पडून राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. सैल पडणं म्हणजे काय, हे लोकांना तुमच्याकडे बघून कळलं पाहिजे." नोकरीतल्या अनुभवामुळे मला हे अवघड नव्हतं. गाल चटईला टेकवून मी पडलो. त्या अवस्थेत मला जगाचे फक्त पाय दिसत होते.

सुरुवातीला पाय फारच थोडे होते. अण्णांच्या करकरीत नव्या चपला, मामांचा जाड वहाणांचा जोड, नात्यातले दोन-चार बूट. मी व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं सुंदर निमंत्रण पाठवलं होतं, पण लोक आलेच नव्हते. मग मामांचा आवाज आला.

"अण्णा, जावयानं आहेर केलाय व्हय? बोल्ला न्हाईस?"

"कुटला आहेर?"

"ह्यो काय, ताट मांडलंय की. नारळ हाय, फुलं हायत. पन टोप्या इसरलाय जावई."

मी चादरीखाली ताठ झालो. पण बोलायचं नव्हतं, हलायचं नव्हतं.

"असूंदे," मामा म्हणाले, "भाच्याच्या लग्नाच्या टोप्या हायत पिशवीत. गठ्ठाच हाय. लागंल तेवढ्या काढतो."

मग ते सुरू झालं. खुर्च्या सरकल्या. "कशाला, कशाला?" "घ्या की!" "आता हे कशाला?" "आवो, घ्या म्हन्तोय न्हवं!" हे संवाद मला जन्मापासून पाठ आहेत. सोलापुरात आहेर पहिल्या खेपेला कुणी घेत नाही, आणि तिसऱ्या खेपेला कुणी सोडत नाही. मला उठायला हवं होतं. मी उठणारच होतो. तेवढ्यात अण्णा म्हणाले, म्हणजे गरजले, "जावयानं इज्जत राखली बगा! मला वाटलं, कोरडंच उरकतोय कार्य."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण अण्णांनी माझं कौतुक केल्याचं हे पहिलंच उदाहरण. ते अर्ध्यावर मोडायचं माझ्या जिवावर आलं. मी सैल पडून राहिलो.

पण अण्णांची ती गर्जना पलीकडच्या शेडपर्यंत गेली होती, आणि नेमकी कामगारांची पाळी सुटत होती. माझ्या डोळ्यांपुढे पाय वाढायला लागले. स्लीपर, फाटके बूट, सायकलच्या चेनचं काळं ग्रीस लागलेल्या पँटी. मग पैंजण, जोडवी, काठापदराच्या साड्यांचे घोळ. मी खूश! अण्णांच्या कारखान्यातले, शेजारच्या कारखान्यातले, कधी न बघितलेले... सगळे पाय आले होते. एवढी गर्दी माझ्या निमंत्रणामुळे झाली असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

"आन् बायकांना काय?" हा आवाज लक्ष्मीअक्कांचा. अक्का तेलुगू घरातल्या, अण्णांच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवतात. दिवसभर मशीनवर वाकून त्यांचा उजवा खांदा इतका आखडलाय, की वेणी घालायला सुनेला बोलवावं लागतं. खरं तर सुरेखाच्या डोक्यात हा स्टुडिओ आला, तो अक्कांच्या खांद्याकडे बघूनच. "बापईंना टॉवेल, टोपी. आमी काय नुसतं बगायला आलो काय?"

मामांचं नाक कापलं जायची वेळ होती. त्यांचे पाय गर्रकन वळले.

"चादरी हायत की! जावयानं बायकांसाठी चादरी मांडल्यात. एकेक चटईवर एकेक, कसं बगा!"

चटया उघड्या पडत गेल्या. माझ्या नजरेसमोरून एकेक चादर वर उचलली जात होती, कुणाच्या तरी हातात जात होती, वर "कुंकू लाव गं" चाललं होतं. आता मात्र बोलायलाच हवं, म्हणून मी मान उचलली आणि म्हणालो, "मामा..."

"पडून ऱ्हावा जावईबापू, तुमचं चालू द्या," मामा प्रेमानं म्हणाले. आणि मग हळूच, "एक कमी पडली की."

कमी पडली होती ती लक्ष्मीअक्कांनाच.

"ऱ्हाऊंदे, मला नको," अक्का म्हणाल्या. त्या आवाजातला रुसवा चादरीखालीही पोचला.

"नको कसं, अक्का? तुमच्या नशिबाची हितं हाय की!"

आणि मामांनी माझ्या अंगावरची चादर ओढली!

मी ती धरायला अर्धा वळलो. एक हात चादरीकडे, दुसरा हाफपँटकडे. तेवढ्यात पाठीत कट्ट झालं आणि उसण भरली. तशीच, त्याच अवस्थेत. ना पालथा, ना उताणा. एक पाय हवेत! पुढे सासरची मंडळी, मागे दोन शेडमधले कामगार, सगळे टोप्या घालून, खांद्यावर टॉवेल टाकून, लग्नातल्या पंगतीसारखे ओळीनं बसलेले.

आधी एक बाई फिसकन हसली. मग सगळी शेड हसली. पत्रे वाजायचे बाकी राहिले.

मी अण्णांकडे पाहिलं. (मान तेवढीच हलत होती.) अण्णा हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत मला टॉवेलच्या गठड्या दिसायला लागल्या. नेमकी तेव्हाच सुरेखा आतून आली. तिनं रिकामं ताट पाहिलं, उघड्या चटया पाहिल्या, टोप्या पाहिल्या, मग मला पाहिलं. चेहरा रडवेला झाला तिचा. एवढ्या दिवसांचं गुणगुणणं मी एका नारळापायी घालवलं होतं.

पण ती पीटीची बाई आहे. ग्राउंडवर पोरगी पडली, की आधी पोरगी उचलायची, मग रडायचं, असा तिचा शिरस्ता. ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली.

"कुठे दुखतंय?"

"सगळीकडे."

"पोटाखाली घडी लागेल. एक टॉवेल द्या कुणीतरी."

कुणी हललं नाही. प्रत्येकाचा हात आपल्या खांद्यावरच्या टॉवेलकडे गेला, पण द्यायला नव्हे, धरायला!

"ताई, आहेर माघारी देत न्हाईत," मागून एकजण अडखळत म्हणाला. "अपशकुन व्हतोय."

"न्हाय द्यायचा," मामांनी निकाल दिला. "कार्याला बाधतंय."

त्यांची माया खरी होती, हेच तर दुखणं होतं. आमच्या कार्याचं वाईट होऊ नये म्हणून ती माणसं टॉवेल घट्ट धरून बसली होती आणि मी अर्धवट वळून कण्हत होतो.

मग अण्णा उठले. टोपी सरळ केली. खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची नीट घडी घातली आणि खाली वाकून, कण्हत, स्वतः माझ्या पोटाखाली सरकवली.

"आरं अण्णा, माघारी—" मामा मध्ये पडले.

"माघारी कुटं देतोय?" अण्णा म्हणाले. "पोरीच्या कामाला लावतोय."

सुरेखानं माझा हवेतला पाय खाली घेतला, पाठीवर तळवे ठेवले, आणि ती श्वास घ्या, सोडा म्हणत राहिली. कुठे दाबतेय, का दाबतेय, हे ती लोकांना सांगायला लागली. ठरलेलं भाषण राहिलं बाजूला; ही आपली स्वयंपाकघरात बोलावं तशी बोलत होती. पाठीतलं काहीतरी सुटलं. मी आधी गुडघ्यांवर आलो, मग उभा राहिलो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या मला नोकरीच्या पंचविशीच्या सत्कारातही मिळाल्या नव्हत्या. फरक एवढाच, की तेव्हा फुलपँट होती.

"अय्यो, सुटला की गं मानूस!" लक्ष्मीअक्का चादर काखेत मारून पुढे आल्या. "माजा खांदा बगतीस काय?"

"बघते. पण आधी सगळे उभे राहा," सुरेखा म्हणाली. आता तिच्या आवाजात शाळेचं ग्राउंड आलं होतं. "टॉवेल परत नको मला. दोन्ही टोकं दोन हातांत धरा. ताणून. आता डोक्यावर न्या."

आणि सगळी शेड उठली. टोप्या घातलेले बापई डोक्यावर टॉवेल ताणून डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले. बायकांनी चादरी पिळून दोरासारख्या धरल्या. मामा एक टॉवेल घेऊन सगळ्यांच्या पुढे, "आवो, ताठ!" म्हणून ओरडत होते. अक्कांचा उजवा हात त्या दिवशी कानाच्या वर काही गेला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या कामाच्या पाळीआधी येऊन दारात बसल्या, आणि बरोबर तीन मैत्रिणी आणल्या.

सगळे गेल्यावर मी अण्णांसमोर उभा राहिलो. (तोपर्यंत पँट घातली होती.)

"अण्णा, लोकं हसली."

"हसली की. लई हसली," अण्णा म्हणाले. "पन पोरीला न्हाय हसली. तुमाला हसली. तेवढं चालतंय."

शेड स्टुडिओकडेच राहिली. सुरेखा दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि पदर नसताना पदरानं डोळे पुसायला गेली. मलाही भरून आलं, पण उसणीमुळे मोठा श्वास घेता येत नव्हता.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी. पण आहेराचं एक असतं, तो घेतलेला माणूस तसाच बसत नाही. संधी मिळाली की फेडतो. उद्घाटनाला आलेल्या घरांत पुढे बारसं झालं, वास्तुशांत झाली, लग्नं झाली, आणि प्रत्येक ठिकाणी आम्हाला आग्रहानं बोलावून टॉवेल-टोपी झाली. त्यात उद्घाटनाची कीर्ती अशी पसरली, की 'मोकळं अंग'मध्ये नव्यानं येणारा माणूस रिकाम्या हातानं येणं वाईट मानायला लागला. पहिल्या दिवशी येतो तो टॉवेल-टोपी घेऊनच. "ताईंना चादर, सायबांना टॉवेल." कशाला कशाला म्हणून तरी बघतो मी, पण मलाही तिसऱ्या खेपेला सोडता येत नाही. कपाट भरलं. आतली खोली भरली. हल्ली टॉवेलचे ढीग भिंतीला लागून पत्र्यापर्यंत गेलेत, आणि मधल्या जागेत सुरेखाचा वर्ग दाटीवाटीनं, पण अगदी जोरात चालतो.

परवा अण्णा आले. दारात उभं राहून त्यांनी सगळे ढीग वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मी आहेरातली एक टोपी घालून ढिगाशेजारच्या स्टुलावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होतो. सध्या भागीदार म्हणून माझ्याकडे एवढंच खातं आहे.

"बगा जावईबापू," अण्णा समाधानानं म्हणाले, पलीकडच्या शेडलाही ऐकू जाईल असं. "आखेर गोडाऊन झालंच की! आन् वर वॉचमन बी घरचाच, टोपीसकट."